दहा महिने, सहा बाटल्या: इम्युनिटीच्या सप्लिमेंट्सचा माझा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये, सहा वेगवेगळ्या बाटल्यांचा आहे, आणि मी डॉक्टर वगैरे काही नाही. वय ६३. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीला आतड्याचा कॅन्सर निघाला. वेळेत कळलं, ऑपरेशन झालं, ताई आता बरी आहे, पण त्या पंधरा दिवसांत माझी जी घाबरगुंडी उडाली ती काही केल्या जाईना. रात्री झोप नाही, मग मोबाईल घेऊन बसायचं आणि कॅन्सर होऊ नये म्हणून काय घ्यावं ते शोधत राहायचं. असं शोधलं की पुढे काय काय दिसायला लागतं ते तुम्हाला माहितीच असेल. आठवडाभरात घरात सहा बाटल्या आल्या, आणि सोबत ती सात वारांची सात खण असलेली डबी.

एक 'इम्युनिटी' म्हणून विकतात ती मल्टिव्हिटॅमिन, एक हळदीतलं करक्युमिन (मिरीच्या अर्कासकट), एक टर्की टेल मशरूम, एक ग्रीन टीचा अर्क, एक व्हिटॅमिन डी २००० युनिटचं आणि एक केस-नखांसाठीचं बायोटिन. शेवटच्याचा कॅन्सरशी काडीचा संबंध नाही, ऑफरमध्ये आलं म्हणून घेतलं, आणि सगळ्यात जास्त घोळ त्यानेच घातला. ते पुढे सांगते.

पहिल्याच आठवड्यात सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी मल्टिव्हिटॅमिन घेतली की अर्ध्या तासात अशी मळमळ सुटायची की बेसिन धरून उभं राहावं लागायचं. मला वाटलं पित्त झालं. मग भिंग लावून मागचं लेबल वाचलं (ते अक्षर कोणासाठी छापतात देव जाणे, घेणारे सगळे साठीच्या पुढचे) तर त्यात झिंक ५० मिलिग्रॅम! अमेरिकेत मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादाच ४० ची धरतात, युरोपात २५ ची. आणि गंमत म्हणजे जास्त झिंक बरेच महिने पोटात गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि मग पांढऱ्या पेशीच घटतात, म्हणजे जी इम्युनिटी वाढवायला निघालो तीच खाली. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर मळमळ थांबली म्हणून मी तशीच चालू ठेवली. चूक माझी.

पण त्या लेबलावर त्याहून वाईट गोष्ट होती आणि ती मला पाहिल्या पाहिल्या कळलीसुद्धा नाही, मुलीने दाखवली. बीटा कॅरोटीन. मी म्हटलं, अगं ते तर चांगलं असतं, अँटिऑक्सिडंट. ती म्हणाली, बाबा पण हीच गोळी घेतात ना? आता आमचे हे सिगारेट सोडलीये असं सांगतात आणि गच्चीवर जाऊन ओढून येतात, सगळ्या घराला माहितीये. तिने मला फिनलंडचा अभ्यास वाचायला दिला, १९९४ चा, २९ हजारांवर पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे, त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, का तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल म्हणून. झाला उलट १८ टक्के जास्त. अमेरिकेत तसाच एक मोठा अभ्यास चालू होता, त्यात तर २८ टक्के जास्त निघाला आणि १९९६ च्या जानेवारीत तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधी बंद करावा लागला. माझ्या बाटलीतला डोस इतका नव्हता, पण मला राहवेना. मी ह्यांच्या डबीतून ती गोळी त्याच दिवशी काढली. ते म्हणाले, बरं झालं, फार मोठी होती.

व्हिटॅमिन ई पण त्यात होतंच, ४०० युनिट. अमेरिकेतल्या सिलेक्ट नावाच्या अभ्यासात साधारण ३५ हजार पुरुष होते, त्यात एवढंच व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. हे वाचलं आणि माझीही मल्टिव्हिटॅमिन बंद. मला प्रोस्टेट नाही हे मला कळतं, पण विश्वास एकदा उडाला की उडाला. तरी सगळ्याच मल्टिव्हिटॅमिनला नावं ठेवत नाही हां, साध्या, कमी डोसच्या गोळीचा एक अकरा वर्षं चाललेला अभ्यास आहे, पन्नाशीपुढच्या पुरुष डॉक्टरांवरचा, त्यात कॅन्सर ८ टक्के कमी निघाले होते. थोडेच, पण कमी.

आता "फरक जाणवला का?" सगळे हेच विचारतात. तिसऱ्या महिन्यात मला खरंच हलकं वाटत होतं, सर्दी नाही, दम लागणं कमी. मी ताईला फोन करकरून सांगत होते की तू पण चालू कर. मग लक्षात आलं की त्याच सुमारास मी रोज पाऊण तास चालायला जायला लागले होते, रात्री दहाला मोबाईल बाजूला ठेवायला लागले होते, मग श्रेय कोणाचं? आणि मुळात ज्यासाठी घेतलं ते जाणवणार कसं? कॅन्सर झाला नाही हे दहा महिन्यांत जाणवत नाही हो. तो मला दहा महिन्यांपूर्वीही झालेला नव्हता.

पाचव्या महिन्यात नेहमीच्या तपासण्या केल्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) पार तळाला, टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) वर. कागदावर बघितलं तर थायरॉइड नुसता उधळलेला. धडधड होते का, वजन उतरलं का, हात थरथरतात का, सगळं विचारून झालं. मला काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, बाहेरचं काय काय घेता? मी डबीच काढून टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक लेबल वाचलं आणि बायोटिनवर बोट ठेवलं. त्यात १०,००० मायक्रोग्रॅम होतं, माणसाला दिवसाला ३० पुरतं. झालं असं की रक्त तपासणीच्या बऱ्याच किटमध्ये चिकटवण्यासाठी बायोटिनच वापरतात, रक्तातच ते भरपूर असलं की मशीन फसतं. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा यामुळे खोटी नॉर्मल येऊ शकते, अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल सावध केलेलं आहे. आठवडाभर बायोटिन बंद ठेवून परत रक्त दिलं, थायरॉइड एकदम व्यवस्थित. म्हणजे नसलेल्या आजाराची औषधं माझ्या मागे लागता लागता राहिली.

त्याच रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) थोडं वाढलेलं होतं, आणि ते मात्र मशीनचं फसणं नव्हतं. करक्युमिन आणि ग्रीन टी दोन्हीवर संशय. करक्युमिन नुसतं घेतलं तर रक्तात फार जात नाही म्हणून त्यात मिरीतलं पिपरिन घालतात, १९९८ च्या एका अभ्यासात त्याने शोषण २० पट वाढलेलं दिसलं होतं आणि जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात असतं. पण पिपरिन काही करक्युमिनपुरतं थांबत नाही, बाकीच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं, आणि अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा वर ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) पोटात गेलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात. मी दोन्ही एकदम बंद केल्या, सहा आठवड्यांत आकडा खाली आला. दोघांत दोषी कोण ते कायमचं गुलदस्त्यात, आणि परत घेऊन शोधून काढायची मला हौस नाही.

मशरूमबद्दल बऱ्याच जणांना उत्सुकता असते म्हणून थोडं जास्त लिहिते. जाहिरातीत म्हणतात जपानमध्ये मान्यता मिळालेली आहे. खरं आहे, पण अर्धवट. तिथे या बुरशीपासून काढलेलं पीएसके नावाचं औषध १९७७ मध्ये मान्य झालं होतं, ते कॅन्सर झालेल्या लोकांना केमोच्या जोडीला द्यायला. धडधाकट माणसाने कॅन्सर होऊ नये म्हणून घ्यायला नव्हे. आणि ते शुद्ध करून, मोजून काढलेलं. माझ्या बाटलीवर बारीक अक्षरात होतं, 'धान्यावर वाढवलेलं मायसेलियम', म्हणजे बुरशीचे तंतू. आता कॅप्सूलमध्ये बुरशी किती आणि धान्याचं पीठ किती ते त्या बुरशीलाच ठाऊक. त्रास काही झाला नाही. फायदा... काय सांगू.

डॉक्टरांना मी शेवटी विचारलंच, मग इम्युनिटी वाढवायची कशी? ते म्हणाले, वाढवायची म्हणजे कुठल्या बाजूने? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तयार होतात, वयात आल्यापासूनच ती आक्रसत जाते आणि आपल्या वयाला तिथे बहुतेक चरबीच उरते. म्हणून नव्या जंतूला ओळखणाऱ्या ताज्या पेशी कमी. पण त्याच वेळी अंगात बारीक सूज कायम धुमसत असते, आणि ती सूज कॅन्सरला पोषकच. म्हणजे एकीकडे पहारेकरी म्हातारे आणि दुसरीकडे उगाच आरडाओरडा, आता यात "बूस्ट" नक्की कशाला देणार? हे इतकं नीट मला कुठल्याच बाटलीने सांगितलं नव्हतं. वर त्यांनी नागिणीची लस घ्यायला लावली. सत्तरीच्या पुढच्या लोकांतही ती ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण देते म्हणे. दंड दोन दिवस असा ठणकला की कूस बदलता येईना, पण निदान काहीतरी चालू आहे हे कळत तरी होतं.

व्हिटॅमिन डीचं मात्र मी कौतुक करीन. सुरुवातीला माझ्या रक्तात ते १४ होतं, म्हणजे कमी, चार महिन्यांत ३१. पाय दुखणं कमी झालं. कॅन्सरसाठी म्हणून नका घेऊ पण, व्हायटल नावाच्या अभ्यासात २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट पाच वर्षं दिलं आणि कॅन्सर होण्याचं प्रमाण काही घटलं नाही. त्याच लोकांत ऑटोइम्युन आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते) मात्र २२ टक्के कमी दिसले. कमी असेल तर भरून काढायचं, एवढाच माझा हिशोब.

आता जे लिहायला लाज वाटते ते. ताईचं निघालं तेव्हाच मला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायला सांगितलं होतं, सख्ख्या बहिणीला झालाय म्हणून. मी नऊ महिने ढकलली. आधी लग्नकार्य, मग गुडघा, पण खरं कारण असं की रोज सकाळी त्या डबीतून गोळ्या गिळल्या की मला वाटायचं आपण आपल्या बाजूचं काम केलंय. ते जुलाबाचं औषध पिण्यापेक्षा गोळ्या गिळणं केव्हाही सोपं. शेवटी गेल्या महिन्यात मुलीने अपॉइंटमेंट घेऊनच फोन केला. दोन पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूच्या छोट्या गाठी) निघाले, तिथल्या तिथे काढून टाकले, एक ॲडेनोमा होता, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो अशा प्रकारचा. तसाच राहिला असता तर काही वर्षांनी त्याचा कॅन्सर झाला असता किंवा नसताही. पुढची तारीख पाच वर्षांनी आहे. पॉलिप बहुतेक माझ्या बाटल्यांच्या आधीपासूनचेच, म्हणून त्याचा दोष गोळ्यांना देत नाही.

सध्या चालू आहे फक्त डी, आणि बी-ट्वेल्व्ह, तेही तपासणीत कमी आलं म्हणून, ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने माझं तसं झालं म्हणाले. रक्त द्यायच्या आधी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये आवर्जून सांगा, दोन-तीन दिवस आधी बंद करायचं का ते विचारा. सात खणांची डबी ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांना दिली. मशरूमची अर्धी बाटली अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे, ताई म्हणते मला दे, मी देत नाहीये.