छापलेलं खरं की लेखकाने नंतर सांगितलेलं?

नाशिकला कॉलेज रोडच्या कट्ट्यावर फँटसी कादंबऱ्यांच्या फॅन मंडळींचे दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकात आहे तेवढंच खरं. दुसरा लेखकाच्या मुलाखती, पत्रं, टिपणं सगळंच धरतो.

'हॅरी पॉटर'मधला हेडमास्तर डम्बलडोर समलिंगी असल्याचं लेखिका रोलिंगबाईंनी २००७ मध्ये, सातवं पुस्तक आल्यावर, जाहीर सांगितलं. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून पहिला तट अजून कुरकुरतो. पण तरुणपणीचा मित्र ग्रिंडेलवाल्ड याची त्याच्यावर पडलेली भुरळ पुन्हा वाचा. मला तरी बाईंचं म्हणणं मजकुरातच सापडतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनकडे वळलं की छापीलवाल्यांची खरी पंचाईत होते. १९७७ च्या 'सिल्मरिलियन'मध्ये गिल-गलाड हा एल्फ राजा फिंगॉनचा मुलगा आहे. टॉल्किनच्या मृत्यूनंतर ते पुस्तक संपादित करणाऱ्या त्याच्या मुलानेच, ख्रिस्तोफरनेच, पुढे ही चूक असल्याचं मान्य केलं. टॉल्किनच्या उशिराच्या टिपणांत गिल-गलाड ओरोड्रेथचा मुलगा आहे. म्हणजे वंशावळीपुरता माझा कौल टिपणांना.

अर्थात टिपणंही एका सुरात बोलत नाहीत. गॅलाड्रिएल-सेलेबॉर्न या एल्फ जोडप्याची कथा टॉल्किनने पुन्हा पुन्हा बदलली. त्यातली कुठली धरायची यावर वाद सुरू झाला, की मिसळ गार होते आणि पाव वाढवून मागवावे लागतात.