कपाट भिंतीला बांधायचा नायलॉनचा पट्टा: घ्यावा, पण सोबतचे स्क्रू फेकून द्यावेत

भुसावळात रुळाच्या जवळ राहणाऱ्याला घर हलण्याचं कौतुक नसतं. कोळशाची मालगाडी गेली की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतातच. पण जानेवारी 2023 मध्ये भुसावळ-सावद्याकडे 3.3 रिश्टरचा जो धक्का बसला, तो गाडीसारखा नव्हता. गाडी लांबून ऐकू येते, थरथर वाढत जाते, मग ओसरते. हे एकदमच आलं, खालून कुणी ढुसणी दिल्यासारखं. मांडणीतली ताटं खणखणली आणि शोकेसवरची पितळी कळशी सरकून कडेला आली. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "काय झालं व माय, कोनी ढकललं का मले?" तोवर संपलंही होतं.

नंतर सगळी गल्ली भिंतींचे तडे बघत फिरत होती. त्यात काही अर्थ नव्हता. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तडे प्रत्येक घराला आधीपासूनच आहेत. माझं लक्ष त्या कळशीवर होतं, कारण शोकेसखालीच पोरं अभ्यासाला बसतात. भिंत पडायला मोठा भूकंप लागतो, डोक्यावर कळशी पडायला नाही. आणि आमच्या घरात उंचावर काय नाही? लग्नातली पितळी भांडी, बिबड्यांचे डबे, कुरडयांचे डबे, सगळं वरच.

म्हणून ऑनलाइन हा पट्टा मागवला. पाकिटावर कपाटाच्या खणावर चढणाऱ्या बाळाचं चित्र आहे, भूकंपाचा उल्लेखही नाही. काम मात्र एकच: कपाटाच्या माथ्याला एक क्लिप, भिंतीला दुसरी, मध्ये नायलॉनचा पट्टा ओढून घट्ट करायचा. चार पट्ट्यांच्या पाकिटाला साडेतीनशेच्या आसपास पडले.

पट्टा चांगला आहे. शोकेसला लावल्यावर घरातल्या दोघांनी धरून पुढे ओढून पाहिलं, हललं नाही. वांधा आहे तो सोबतच्या स्क्रूंचा. बोटाच्या पेराएवढे ते स्क्रू आणि मऊ प्लास्टिकचे प्लग परदेशातल्या पोकळ पत्र्या-फळ्यांच्या भिंतींसाठीचे असावेत. आपल्या विटेच्या भिंतीत ते प्लास्टरपर्यंतच पोचतात, आणि प्लास्टर काय धरणार? हार्डवेअरमधून दोन इंची स्क्रू आणि बरोबरीचे रॉल प्लग आणा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. भोक विटेत घ्या, दोन विटांमधल्या सांध्यात नको. प्लास्टर पार झाल्यावर लाल भुकटी आली तर वीट, राखाडीच येत राहिली तर सांध्याचं सिमेंट, मग थोडं बाजूला सरका. जुन्या धाब्याच्या घरांत मातीची भिंत असेल तर हा पट्टा घेऊच नका. तिथे प्लग बोटानेसुद्धा निघून येतो. त्यापेक्षा जड वस्तू खाली उतरवलेल्या बऱ्या.

लोखंडी कपाटाचं वेगळं. पत्र्यात लाकडासाठीचा स्क्रू फिरत राहतो, धरत नाही. तिथे नट-बोल्ट आणि मोठा वॉशर लागतो. आम्ही शेवटी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीचे एल-अँगल करून घेतले. त्या भाऊंना आधी वाटलं, चोरांच्या भीतीने कपाट बांधतेय. काम चोख केलं, पण एवढ्याशा अँगलला नगाला दीडशे घेतले आणि रंग दिलाच नाही, तो घरी द्यावा लागला.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या पट्ट्याच्या क्लिपा पिवळ्या पडून ठिसूळ झाल्या, एक तर बोटाने दाबताच तुटली. आतल्या खोलीतले पट्टे अजून नवे दिसतात. म्हणजे ऊन लागेल तिथे लोखंड, बाकी ठिकाणी नायलॉन.

घरच्यांनी अर्थातच टर उडवली. "3.3 च्या धक्क्याला कोण घाबरतं?" 3.3 ला मीही घाबरत नाही. पण मार्च 1938 मध्ये इथेच वर सातपुड्यात 6.3 चा भूकंप झालेला आहे. आकड्यांत फरक तीनाचा, प्रत्यक्षात जमिनीची हालचाल हजार पट आणि ऊर्जा तीसेक हजार पट. तापीचं खोरं भूकंपाच्या 2002 च्या नकाशात झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, शिवाय नदीच्या गाळाची जमीन खडकापेक्षा जास्त हलते. कोयना 1967, किल्लारी 1993 हे सगळ्यांच्या तोंडी असतं; सातपुड्याचं मात्र आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

फोनवर इशारा येईल म्हणून निवांत राहणाऱ्यांसाठी: अँड्रॉइडवरची भूकंपाची सूचना भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आली, आणि ती 4.5 किंवा त्याहून मोठ्या भूकंपासाठीच आहे. केंद्र अगदी जवळ असेल तर सूचना यायच्या आतच हादरा पोचलेला असतो. फोन काही कळशी धरून ठेवणार नाही.

पट्ट्याला पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण स्क्रूंसाठी आणि एक उन्हासाठी कापला. घ्यायचाच तर क्लिपा धातूच्या असलेला घ्या, पन्नास-साठ रुपये जास्त जातील. गॅसच्या सिलिंडरला हा पट्टा लावू नका, तिथे साखळीच हवी. आणि शोकेसवरची भांडी आधी खाली काढा, मग ड्रिल चालवा. ड्रिलच्या थरथरीनेसुद्धा ती कडेला येतात.