वनस्पतींच्या टाकीचा तळ: अ‍ॅक्वासॉइल, बागेची माती की धुतलेली कच?

60 सें.मी. लांब आणि 30 सें.मी. रुंद अशा माशांच्या नेहमीच्या दोन फुटी टाकीत 5 सें.मी. जाडीचा थर द्यायचा म्हटले, तर बरोबर 9 लिटर माल लागतो, म्हणजे अ‍ॅक्वासॉइलची (पाण्यातील झाडांसाठी तयार मिळणाऱ्या मातीच्या दाण्यांची) एक मोठी पिशवी रिकामी होते. मागच्या बाजूला उंची देऊन पुढे उतार काढायचा असेल, तर एका पिशवीत भागतही नाही. नामांकित जपानी बनावटीच्या अशा पिशवीला काही हजार रुपये पडतात, आणि वनस्पतींची पहिली टाकी लावू पाहणारे अनेक जण नेमके इथेच थबकतात. तेवढाच थर रोपवाटिकेतील माती आणि बांधकामाच्या मालातील चाळलेली कच वापरूनही देता येतो आणि त्यातही झाडे उत्तम वाढतात. मात्र त्यासाठी कष्ट किती पडतील आणि पुढे कोणती बंधने येतील, हे आधी समजून घेतलेले बरे.

त्याआधी एक गोष्ट. जावा फर्न, अ‍ॅन्युबियस, ब्युसेफेलँड्रा आणि शेवाळवर्गीय मॉस एवढ्याच वनस्पती ठेवायच्या असतील, तर पौष्टिक तळावर खर्च करण्याचे कारणच नाही. त्या दगडाला किंवा लाकडाला बांधायच्या असतात, अन्न मुख्यतः पाण्यातून घेतात, आणि पहिल्या तिघींचे आडवे खोड मातीत पुरले तर ते कुजते. पुढचे सारे विवेचन क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया अशा मुळांवाटे भरपूर अन्न घेणाऱ्या झाडांसाठी आहे.

अ‍ॅक्वासॉइल म्हणजे अन्नद्रव्ये धरून ठेवणाऱ्या मातीचे भाजून केलेले दाणे. ते हलके असतात, कोवळी मुळे त्यांत सहज शिरतात, झाड उपटून दुसरीकडे लावले तरी पाणी फारसे गढूळ होत नाही, आणि पाण्यातील कार्बोनेट शोषून ते पाणी किंचित आम्लधर्मी ठेवतात. हा शेवटचा गुण कोळंबी पाळणाऱ्यांना आणि मऊ पाण्यातील माशांना मानवतो. परंतु दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे जड पाणी दर आठवड्याला बदलून भरले, तर ही क्षमता लवकर संपते आणि ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच हातून जातो. मुंबईच्या तलावांचे किंवा पुण्याच्या धरणांचे पाणी मुळातच मऊ असल्यामुळे तिथे तो गुण अधिक काळ टिकतो, मात्र तिथे त्याची गरजही तितकी नसते. नव्या दाण्यांतून सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सुटतो, म्हणून त्या काळात वरचेवर पाणी बदलावे लागते आणि मासे सोडता येत नाहीत. एकदोन वर्षांत दाण्यांतील अन्न ओसरते, काही दाण्यांचा चिखल होतो, आणि शेवटी रूट टॅब, म्हणजे मुळांशी पुरायच्या खताच्या गोळ्या, खुपसावेच लागतात.

मातीचा मार्ग जुना आहे. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत साधारण 2.5 सें.मी. मातीचा थर, त्यावर जवळपास तेवढाच वाळूचा थर, आणि पहिल्या दिवसापासून दाट लागवड अशी रचना असते. मातीतील सेंद्रिय अंश कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे सिलिंडर न लावताही झाडे सुरुवातीचे महिने जोमाने वाढतात. वरच्या थरामुळे मातीला प्राणवायू कमी मिळतो, तिच्यातील लोह विरघळणाऱ्या रूपात येते आणि मुळांना घेता येते. मातीचा थर 3 सें.मी.च्या वर गेला किंवा वरची वाळू फारच बारीक असली, तर मात्र हाच गुण दोष ठरतो: तळात हायड्रोजन सल्फाइड साचतो, मुळे काळी पडतात, आणि बोटाने तळ दाबला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.

माती कोणती घ्यावी, याचे उत्तर आपल्याकडे फसवे आहे. रोपवाटिकेत ‘तयार माती’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात कोकोपीट असते, ते तरंगते. क्वचित रासायनिक खतही असते, आणि त्यातील युरिया किंवा डीएपी टाकीत अमोनियाचा भडका उडवतो. शेणखत आणि भरपूर गांडूळखत यांचेही तेच. मूठभर गांडूळखत चालते, निम्मी टाकी नव्हे. काळी माती अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात लाल मातीपेक्षा कितीतरी सरस आहे, परंतु ती ओली झाली की फुगते, तिचा लगदा होतो, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे असतात, जे पाणी जड करतात. कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील लाल मातीत लोह मुबलक असते, चुना जवळजवळ नसतो आणि तिचा लगदाही कमी होतो, पण पोषणाच्या बाबतीत ती गरीब आहे. म्हणून माझी पसंती खत न घातलेल्या साध्या लाल मातीला; तिच्यात एक-चतुर्थांश काळी माती आणि थोडे जुने गांडूळखत मिसळावे. हे मिश्रण घमेल्यात भिजवावे, वर तरंगणाऱ्या काड्या आणि मुळ्या पाण्यासकट ओतून द्याव्यात, उन्हात पसरून पूर्ण वाळवावे, आणि हीच कृती चार-पाच वेळा करावी. प्रत्येक खेपेला सहज कुजणारा भाग कमी होतो आणि टाकीत सुटू शकणारा अमोनियाही. पावसाळ्यात हे जमत नाही. मार्च ते मे हा त्यासाठी सर्वांत सोयीचा काळ.

तिसरा पर्याय नुसत्या कचेचा. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. खाणीतील काळ्या दगडाची क्रश सँड मात्र गावोगावी मिळते. ती चाळून 1 ते 3 मि.मी. आकाराचे दाणे ठेवावेत आणि पाणी निवळेपर्यंत धुवावेत; दगडाची भुकटी हट्टी असते, बादलीमागून बादली राखाडीच निघत राहते. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटबरोबर कॅल्साइट हे चुन्याचे खनिजही असते, म्हणून कचेत दिसणारे पांढरे तुकडे तपासावेत: वाटीत थोडी कच घेऊन तीवर व्हिनेगर ओतावे, आणि बुडबुडे उठले तर तो माल टाळावा. व्हिनेगर सौम्य असल्यामुळे बुडबुडे दिसले नाहीत तरी खात्री होत नाही. कच आठवडाभर पाण्यात ठेवून आधीचा आणि नंतरचा जडपणा मोजला, तर शंका उरत नाही. समुद्रकिनाऱ्याची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वनस्पतींच्या टाकीसाठी बाद समजावी. क्रशरमधून आलेल्या दाण्यांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे तळ उकरणाऱ्या कोरिडोरासच्या मिशा झिजू शकतात. हे मासे हवे असतील तर गोल दाण्याची वाळूच शोधावी. कचेत स्वतःचे अन्न काहीच नसते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी झाडांच्या बुंध्याशी रूट टॅब खुपसावे लागतात, आणि तो खर्च वर्षभराच्या हिशेबात धरायला हवा.

जांभ्याचा चुरा घालावा असे कोकण-गोव्यातील अनेकांना वाटते. जर्मनीतील ड्युप्ला कंपनीने लॅटेराइट, म्हणजे जांभाच, अशा टाक्यांसाठी विकले, तेव्हा कल्पना निराधार नाही. परंतु जांभा लोह देतो. नत्र आणि पालाश देत नाही. मातीच्या थरात मूठ-दोन मुठी मिसळायला तो चांगला, एकट्याने पुरेसा नाही. मांजरासाठीच्या लिटरचा सल्ला परदेशी हौशी मंडळी देतात, तो तिथल्या भाजलेल्या मातीच्या दाण्यांपुरता खरा आहे. आपल्याकडील बहुतेक लिटर बेंटोनाइटचे, गोळा होणारे असते, आणि पाण्यात त्याचा चिकट चिखल होतो.

निवड करताना मी आधी पाहीन तो हाताचा स्वभाव. झाडे लावून ती वर्षभर तशीच ठेवण्याची तयारी असेल, तर मातीएवढा किफायतशीर तळ नाही. क्रिप्टोकोरिनसारख्या, जागा बदलली की पाने गाळणाऱ्या वनस्पतींना तर ती फारच मानवते. महिन्या-दोन महिन्यांनी मांडणी बदलण्याची हौस असेल, तर माती टाळावी, कारण मुळे धरलेले एक अ‍ॅमेझॉन स्वोर्ड उपटले की खालचा चिखल वर येतो आणि टाकी दिवसभर चहासारखी दिसते. अशांनी कच आणि रूट टॅब घ्यावेत. गोल्डफिश आणि उकरणारे सिक्लिड ठेवणाऱ्यांनाही हेच लागू. अ‍ॅक्वासॉइलचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते मोंटे कार्लोसारखा बुटका हिरवा गालिचा, कार्बन डायऑक्साइडची जोडणी आणि मऊ पाणी हे तिन्ही एकत्र असतील तेव्हा. यातले एकच असेल, तर मी ते घेणार नाही.

दोन पर्याय एकाच टाकीतही बसतात. मागच्या दोन-तृतीयांश भागात माती पसरावी, पुढच्या काचेपासून आणि दोन्ही बाजूंच्या काचांपासून 3–4 सें.मी. जागा मोकळी सोडावी, आणि मग सगळीकडे कच घालावी. काचेतून मातीचा पट्टा दिसत नाही, काचेलगत प्रकाश लागून मातीत शेवाळ धरत नाही, आणि पुढची जागा हवी तेव्हा उकरायला मोकळी राहते. पाणी भरताना कचेवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडावी.