एमडीएडीएम: रीशेप अर्ध्यात अडकल्यावर किती साथ देतं?

एमडीएडीएम हे लिनक्समध्ये अनेक डिस्क जोडून एक साठा (ॲरे) चालवणारं साधन, आणि रीशेप म्हणजे त्या ॲरेची रचना बदलणं. रेड ५ चं (एका डिस्कइतकी जागा दुरुस्तीच्या माहितीला) रेड ६ (दोन डिस्कइतकी) होत असताना वीज गेली, तरी ॲरे संपला असं धरू नका. एमडीएडीएमची ही बाजू भक्कम आहे. काम कुठवर आलं ते प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये (ॲरेची माहिती ठेवणाऱ्या छोट्या भागात) लिहिलेलं असतं. ते वाचणारी 'एक्झामिन' आज्ञा चालवा: रीशेप पोझिशन, नवा लेआउट, इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांच्या नोंदींचा आकडा), सगळं दिसतं. त्या पोझिशनच्या अलीकडे एक रचना, पलीकडे दुसरी. म्हणूनच सगळीकडे एकच रचना गृहीत धरणारी रिकव्हरी साधनं इथे निम्मा कचरा काढतात.

दुखरी नस आहे बॅकअप फाइल. ४ डिस्कचा रेड ५, ५ डिस्कचा रेड ६ झाला तरी डेटा ३ डिस्कइतकाच राहतो. जुन्या पट्ट्यांवरच नव्या लिहायच्या, म्हणून हाताखालचा तुकडा आधी बाहेर ठेवावा लागतो. आवृत्ती ३.३ पासून डिस्कवर मोकळी जागा असल्यास डेटाची सुरुवात सरकवून हे अनेकदा टळतं. टळलं नाही तर फाइल वेगळ्या, कायमस्वरूपी डिस्कवर हवी. लोक ती टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात) ठेवतात आणि रीबूटनंतर शोधत बसतात.

मग असेंबल करताना (डिस्क जोडून ॲरे पुन्हा सुरू करताना) 'क्रिटिकल सेक्शन परत आणता आलं नाही, सॉरी' असा संदेश येतो. (सॉरी खरंच छापलेलं असतं. कारण मात्र नीट सांगत नाही.) इथेच घाबरून नवा ॲरे बनवणारं 'क्रिएट' चालवलं जातं. ते करू नका: सुपरब्लॉक नव्याने लिहिले जातात, रीशेप पोझिशन पुसली जाते, आणि डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा) आवृत्तीगणिक बदलत असल्याने अंदाजही चुकतो.

आधी एक्झामिनचं आउटपुट जपून ठेवा. वाचताना अडणाऱ्या डिस्कचा डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची नक्कल काढणाऱ्या साधनाने) क्लोन घ्या. प्रत्येक डिस्कवर स्पार्स फाइलचा (लिहू तेवढीच जागा घेणाऱ्या फाइलचा) स्नॅपशॉट ओव्हरले चढवा, म्हणजे सगळे बदल त्या फाइलमध्ये जातील आणि मूळ डिस्कवर एक बाइटही लिहिला जाणार नाही. ओव्हरलेवर असेंबल करताना 'फ्रीझ-रीशेप' (रीशेप पुढे न चालवण्याचा पर्याय) आणि असेल ती बॅकअप फाइल द्या. फाइल हरवली असेल तर रिकामी फाइल देऊन 'इनव्हॅलिड-बॅकअप' जोडा. त्या क्षणी हलत असलेला तुकडा जाऊ शकतो, बाकीचा डेटा सहसा वाचतो. जबरदस्तीने जोडणारा 'फोर्स' पर्याय डिस्कांच्या इव्हेंट काउंटमध्ये थोडाच फरक असेल तरच वापरा. फार मागे पडलेली डिस्क बाहेरच ठेवा.

आता फाइलसिस्टम तपासणारं एफएसचेक 'एन' पर्यायाने चालवा, म्हणजे काहीही न लिहिता. फाइलसिस्टम एक्सएफएस असेल तर 'रीड-ओन्ली, नो-रिकव्हरी' माउंट. मोठ्या फाइली उघडून बघा. फोल्डरांची यादी दिसली म्हणजे आतला डेटा धड आहे असं नाही.

वीज गेलेली नसताना रीशेप थांबलं असेल, तर टाइमआउट तपासा. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल डिस्कच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबतो, साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर त्याहून जास्त वेळ झगडते आणि ॲरेबाहेर फेकली जाते. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणीच्या साधनाने एससीटी ईआरसी (डिस्क खराब सेक्टरवर किती वेळ झगडेल ती मर्यादा) ७० म्हणजे ७ सेकंदांवर आणा. डिस्कला ते जमत नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. हा टाइमआउट रीबूटनंतर पुन्हा ३० वर येतो, आणि बऱ्याच डिस्क वीज जाताच ईआरसीही विसरतात, म्हणून दोन्ही बूट स्क्रिप्टमध्ये घाला.