तीन हजार पौंडांत काय बसते: ‘कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्स’च्या ट्रॅव्हलिंग फेलोशिपविषयी

जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचा चरितार्थ मासिक फेलोशिपवर चालतो, रसायने आणि उपकरणे मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून येतात. पण दुसऱ्या प्रयोगशाळेत महिनाभर राहून एखादे तंत्र स्वतःच्या हाताने शिकून यायचे म्हटले, तर तो खर्च बहुतेक वेळा या दोहोंपैकी कोणत्याच खात्यात बसत नाही. ‘द कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्स’ या ब्रिटनमधील संस्थेची ट्रॅव्हलिंग फेलोशिप नेमकी ही फट बुजवते. तिची कमाल रक्कम ३,००० पौंड असून पीएचडीचे विद्यार्थी आणि पीएचडीनंतरचे (पोस्टडॉक) संशोधक तिच्यासाठी अर्ज करू शकतात. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी तिचा लाभ घेतला, आणि तेव्हापासून अनेक कनिष्ठ सहकाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे परीक्षण.

नावात ‘कंपनी’ असली तरी ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. ‘डेव्हलपमेंट’, ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’, ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’, ‘डिसीज मॉडेल्स अँड मेकॅनिझम्स’ आणि ‘बायॉलॉजी ओपन’ ही नियतकालिके ती चालवते आणि त्यांतून उरणारा पैसा पुन्हा जीवशास्त्रज्ञांकडे वळवते. जॉर्ज पार्कर बिडर या प्राणिशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये, अडचणीत सापडलेले एक नियतकालिक वाचवण्यासाठी तिची स्थापना केली. (याच बिडर यांनी १९०४ ते १९०६ या काळात प्रवाहांच्या अभ्यासासाठी उत्तर समुद्रात हजाराहून अधिक बाटल्या सोडल्या होत्या, त्यांतली एक २०१५ मध्ये जर्मनीच्या आम्रुम बेटावर सापडली आणि आत लिहिल्याप्रमाणे ती शोधणाऱ्यांना एक शिलिंग बक्षीसही मिळाले.)

अर्ज लहान असतो, पण सोपा नसतो. आपले काम ज्या नियतकालिकाच्या कक्षेत येते, त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि आपले मार्गदर्शक व यजमान प्रयोगशाळेचे प्रमुख या दोघांचाही पाठिंबा हवा. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘या सहकार्यामुळे संशोधनाला नवी दिशा मिळेल’ असे एक वाक्य होते. मार्गदर्शकांनी ते खोडून समासात एवढेच लिहिले, ‘तिथेच का? इथे का नाही?’ या दोन प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता अर्ज तयार झाला. झेब्राफिश या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाच्या गर्भात पार्श्वरेखेच्या (पाण्याची हालचाल जाणणाऱ्या इंद्रियाच्या) पेशींचा पुंजका डोक्याकडून शेपटीकडे सरकतो. तो प्रवास मला सलग टिपायचा होता आणि आमच्या कॉन्फोकल (लेसरने नमुना बिंदूबिंदूने टिपणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ इतका वेळ तग धरत नव्हता. लाइट-शीट सूक्ष्मदर्शक एका वेळी एकाच पातळ थरावर प्रकाश टाकतो, त्यामुळे गर्भाला इजा कमी होते. पण ते यंत्र आमच्याकडे नव्हते आणि ते चालवणारा माणूसही नव्हता.

भेटीची सुरुवात मात्र फजितीने झाली, आणि तिचा दोष माझाच. जिवंत ट्रान्सजेनिक (बाहेरचे जनुक घातलेले) गर्भ दुसऱ्या देशात पाठवायला आयातीचा परवाना लागतो, हे मी विमानाचे तिकीट काढल्यानंतर शोधले. पहिले सहा दिवस माझे नमुने पोहोचलेच नाहीत. त्या सहा दिवसांत यजमान प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीने मला त्यांच्याकडच्या साध्या माशांच्या गर्भांवर सराव करायला बसवले, आणि भेटीचा खरा फायदा तिथेच झाला. मी सवयीप्रमाणे दीड टक्क्याच्या अगारोजमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थात) गर्भ रोवत असे. काही तासांनी वाढणाऱ्या शेपटीला जागा उरत नसे आणि ती वाकडी होई. तिने एफईपी प्लास्टिकची बारीक नळी घेतली, तिच्यात ०.१ टक्क्याचे, जेमतेम दाट झालेले अगारोज भरले, तळाशी घट्ट अगारोजचे बूच बसवले आणि गर्भ अलगद आत सोडला. या प्लास्टिकचा अपवर्तनांक पाण्याच्या इतका जवळ असतो की प्रकाशाच्या वाटेत नळी जवळपास अडथळा आणत नाही. शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ विभागात हे सारे दीड ओळीत उरकलेले असते. बूच किती लांब असावे आणि हवेचा बुडबुडा राहिला तर काय करावे, हे शेजारी बसूनच कळते. पुढच्या तीन आठवड्यांत मिळालेल्या चित्रफितींवर माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण उभे आहे.

आता उणे बाजू. अर्जदार कोणत्याही देशाचा असू शकतो ही उदारता खरी असली, तरी कमाल रक्कम सर्वांना सारखीच असते, आणि शेजारच्या देशात आगगाडीने जाणाऱ्याला तीच रक्कम ऐसपैस होते, तर दोन विमाने बदलून व्हिसा काढून जाणाऱ्याच्या हातात राहण्याखाण्यासाठी त्या मानाने थोडेच उरते. खंड ओलांडायचा असेल तर भेट लांबवण्याचा मोह टाळावा आणि यजमानांकडे वसतिगृहाची खोली मिळेल का, हे अर्जापूर्वीच विचारावे. ‘एम्बो’ या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र संघटनेची सायंटिफिक एक्स्चेंज ग्रँटही तीन महिन्यांपर्यंतच्या भेटींसाठी असते, पण तिला देशांच्या सदस्यत्वाच्या अटी आहेत, ज्यांना त्या लागू होतात त्यांनी दोन्ही योजना शेजारी ठेवून पाहाव्यात. परिषदेला जायचे असेल किंवा केवळ मार्गदर्शकांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत फेरफटका मारून यायचा असेल, तर मात्र या फेलोशिपच्या वाटेला जाऊ नये. निव्वळ वर्गीकरणशास्त्रात किंवा क्षेत्रीय परिसंस्थाशास्त्रात काम करणाऱ्यांचे विषयही वरच्या नियतकालिकांच्या कक्षेत सहसा बसत नाहीत.

अर्ज वर्षातून एकाहून अधिक वेळा मागवले जातात, त्यामुळे एक मुदत हुकली म्हणून घाईने अर्धवट अर्ज धाडण्याचे कारण नाही. नमुने परदेशी न्यायचे असतील, तर परवान्याची चौकशी तिकिटाच्या आधी करावी.