तीन बोटांचा पंजा की दांड्यांवरचा खोका? जपानात क्लॉ मशीन खेळायचं असेल तर

जपानला फिरायला येणारे ओळखीचे लोक हल्ली माउंट फुजीच्या आधी क्लॉ मशीनबद्दल विचारतात, की बाबा कुठलं खेळू, पैसे फुकट जाणार नाहीत असं एखादं सांग. प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये बहुतेक एकच प्रकार बघितलेला असतो, वरून तीन बोटांचा पंजा येतो आणि टेडीला कुरवाळून परत जातो. इथे टोकियोत अकिहाबारा किंवा इकेबुकुरोच्या एखाद्या गेम सेंटरमध्ये शिरलात की मजलेच्या मजले क्रेन गेमचे (क्लॉ मशीनला इथे असंच म्हणतात), त्यात पुन्हा कुठे रिंग ओढायची, कुठे पिंगपाँगचा बॉल बरोबर खळग्यात पाडायचा, माणूस गांगरतोच. ते बाकीचे प्रकार मी सोडून देतोय. नवख्यासाठी खरी निवड दोनातच आहे असं मला वाटतं, एक तीन बोटांचं आपल्या ओळखीचं मशीन, आणि दुसरं दोन हातांचं, ज्यात दोन दांड्यांवर फिगरचा, म्हणजे अ‍ॅनिमेतल्या पात्राच्या छोट्या पुतळ्याचा, खोका आडवा ठेवलेला असतो. मी टोकियोत राहतो आणि दोन्हीकडे शंभर येनची नाणी भरपूर घातलीयेत, तेव्हा थोडंफार बोलायचा हक्क आहे.

तीन बोटांच्या मशीनबद्दल आधी चांगलं बोलू. समजायला सोपं, लहान मुलं बरोबर असतील तर दुसरं काही त्यांना दाखवूच नका, आणि लागलं तर एका फटक्यात लागतं. पण आतली गोष्ट अशी की पकड किती घट्ट असावी हे चालवणारा सेट करू शकतो, बऱ्याच मशीनमध्ये तर ठराविक पैसे आत गेल्यावरच पंजा पूर्ण जोर लावतो, तोपर्यंत सैल. इथले खेळणारे हे सगळं उघड धरूनच चालतात, त्यात कुणाला गुपित वगैरे वाटत नाही. म्हणजे तुमच्या हातात राहतं ते फक्त खेळणं निवडणं आणि वेळ निवडणं.

खेळणं निवडताना, बाकीच्यांखाली दबलेलं नको, मोकळं पडलेलं हवं, आणि शक्यतो बक्षीस ज्यातून खाली पडतं त्या भोकाच्या कठड्याला टेकलेलं, कारण मग ते उचलून न्यायचंच नसतं, नुसतं कलंडलं तरी काम होतं. टॅगचा दोरा गोल उभा राहिलेला दिसला तर बोटाचं टोक त्यात अडकवायचा प्रयत्न करा, पकड सैल असली तरी अडकलेलं सुटत नाही. काचेतून समोरून बघून खोलीचा अंदाज येत नाही, बाजूच्या काचेकडे जाऊन बघायचं, दोघं असाल तर एकाने तिथेच उभं राहायचं. आणि वेळ म्हणाल तर कुणीतरी बराच वेळ पैसे ओतून वैतागून उठला की लगेच त्याच्या जागी बसणं, थोडं निर्लज्जपणाचं आहे पण चालतं.

तरीसुद्धा मी ते सोडलं, आणि कारण पैसे नाहीत. कारण तो वरचा झटका. पंजा खाली जातो, अस्वलाच्या काखेत बरोबर बोटं बसतात, अस्वल वर उचललं जातं, तुम्ही श्वास धरलेला, शेजारची पोरगी टाळ्या वाजवायच्या तयारीत, आणि पंजा वर पोचून थांबताना खट्ट करून हलतो आणि नेमकी त्याच क्षणी बोटं ढिली पडतात. अस्वल आलं परत गादीवर, वर तोंड करून. आता मला सांगा यात माझं काय चुकलं? जागा चुकली, की पकड मुद्दाम सोडली, की अजून दोन हजार येन आत जायचे होते? काहीच कळत नाही. परत नाणं टाकलं तरी मी काय वेगळं करणार हेच माहीत नसतं. हरण्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, पण का हरलो ते कळू नये हा प्रकार डोक्यात जातो. शिवाय पडलेलं अस्वल बऱ्याचदा आधीपेक्षा वाईट जागी पडतं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

दांड्यांच्या मशीनमध्ये हेच उलटं आहे. तिथले दोन हात आधीच लुळे असतात, खोका उचलून नेतील असं कुणी समजतच नाही, त्यामुळे अपेक्षाभंग नाही. काम असतं खोका सरकवत सरकवत दांड्यांमधून खाली पाडायचं. एक बटण हात उजवीकडे नेतं, दुसरं मागे, सोडलं की थांबतं आणि साध्या मशीनवर परत आणता येत नाही. खोक्याची एक कड हाताने थोडी उचलली जाते आणि सुटताना खोका बोटभर फिरतो, मग पुढच्या वेळी दुसरी कड, असं करत करत तो तिरका होतो आणि एक कोपरा दांड्यांमधल्या फटीत उतरतो. एकदा कोपरा उतरला की हाताच्या टोकाने वरून दाबायचं. दर शंभर येनला खोका कुठे होता आणि कुठे आलाय हे डोळ्यांनी दिसतं, आणि जिथे आलाय तिथेच राहतो. उलट सरकला तरी का सरकला ते कळतं. मला तरी हेच पुरतं.

अर्थात तिथेही आंधळेपणाने बसू नका. फट आणि खोका आधी नजरेने मापा, खोक्याची सगळ्यात अरुंद बाजूसुद्धा फटीतून जेमतेम जाईल असं वाटलं तर पुढच्या मशीनकडे चला. दांड्या एका बाजूला फाकत गेलेल्या असतील तर बरं, खोका तिकडे ढकलत नेता येतो. दांड्यांवर रबर चढवलेलं असेल तर खोका घसरत नाही, तिथे मी थांबत नाही, पण काही लोक त्याच रबराचा टेकू करून खोका फिरवतात, तेवढं कौशल्य माझ्यात नाही. खोक्याची जड बाजू कुठली तेही एकदोनदा हलवल्यावर लक्षात येतं, आणि दोन हातांतला एक बहुधा जास्त कामाचा असतो. म्हणून पहिलं नाणं फक्त बघण्यासाठी. पुष्कळ ठिकाणी 500 येनला 6 डाव मिळतात, मोह होतो, पण ते पहिल्या शंभरानंतर.

या प्रकाराचे तोटे आहेतच. वेळ खातो, लहान मुलं कंटाळतात, आणि मध्येच सुटे संपले की जीव टांगणीला, कारण तुम्ही सरकवलेला खोका दुसरा कुणी येऊन दोन डावांत पाडू शकतो. यासाठी बऱ्याच सेंटरमध्ये ‘सुटे आणायला गेलोय’ अशा अर्थाची पाटी ठेवलेली असते, ती मशीनवर ठेवून जायचं, लोक पाळतात. स्टाफला विचारायला लाजू नका. खोका अगदीच वेडावाकडा अडकला असेल तर जागेवर ठेवून देतात, बरेच पैसे गेलेले दिसले तर कधीकधी सोप्या जागी सरकवूनही देतात, जपानी येत नसेल तर सुमिमासेन (माफ करा) म्हणून बोट दाखवलं तरी भागतं. मशीनला धक्के मात्र नको, अलार्म वाजतो आणि मग सगळा मजला तुमच्याकडे बघतो.

कुठे थांबायचं त्याचा एक आकडा लक्षात ठेवा. इथल्या नियमांत क्रेन गेममधल्या बक्षिसाची किंमत साधारण 1000 येनच्या आत असावी लागते, 2022 पर्यंत ही मर्यादा 800 होती. 1985 मध्ये सेगा कंपनीने यूएफओ कॅचर हे क्रेन गेमचं मशीन आणलं तेव्हापासून या खेळाने पिढ्या वेड्या केल्या पण आतली वस्तू अशी हजारभर येनचीच. त्यामुळे एका फिगरवर तीन हजार घालवून ‘स्वस्तात पडली’ म्हणू नका. याच फिगर बुक ऑफसारख्या जुन्या मालाच्या दुकानात खोक्यासकट मिळतात, फारशी मागणी नसलेल्या कितीतरी हजार-दीड हजारात. मी तर आधी तिथली किंमत बघून ठेवतो आणि मशीनवर तेवढ्यालाच थांबतो, निदान ठरवतो तरी.

तर, बरोबर सहा-सात वर्षांचं पोर आहे आणि हातात अर्धा तास, तर तीन बोटांवर जा, कठड्याजवळचं काहीतरी बघा, नशिबाने लागेलही, माझ्यासारखं प्रत्येकाला त्या झटक्याचं वावडं असेलच असं नाही. एकटे असाल, किंवा जोडीदार संध्याकाळभर दुकानं बघणार असेल, तर दांड्या. आणि खोका पडला की मशीनच्या आसपास मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असतात, बक्षिसासाठी फुकट असतात, एक घ्या, हॉटेलपर्यंत तो खोका काखेत मारून मेट्रोत चढणं फार अवघड जातं.