क्रँकचं मागचं ऑइल सील: रबरी की टेफ्लॉनचं?

इंजिनचा क्रँकशाफ्ट मागच्या बाजूला जिथून बाहेर येतो, तिथे तेल अडवणारी कडी म्हणजे हे मागचं सील. त्याच्या कामात सीलची किंमत सगळ्यात कमी असते. पैसे जातात ते गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवण्यात. चुकीचं सील बसलं, किंवा बरोबर सील चुकीचं बसलं, की ही सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते. म्हणून स्पेअरच्या दुकानात पाऊल टाकण्याआधीच कुठलं घ्यायचं ते ठरवा.

त्याआधी एक खातरजमा. बेल हाउसिंगखालून (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाखालून) पडणारा थेंब क्रँकच्या सीलचाच असतो असं नाही. तेलाला गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल आहे, आणि दोषी आहे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरलेलं तेलही इंजिनच्या पाठीवरून ओघळत तिथेच येतं. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी काजळीनं तुंबली असेल, तर क्रँककेसमध्ये दाब साचून नवं सीलही गळू लागतं. ती आधी साफ करा.

आता सील. सगळी रबरी सीलं एका माळेतली नव्हेत. नायट्राइल सगळ्यात स्वस्त, पण साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे सतत तापलं की कडक होतं आणि लिपला, म्हणजे शाफ्टवर टेकणाऱ्या सीलच्या आतल्या कडेला, बारीक भेगा पडतात. अ‍ॅक्रिलिक रबर १५० अंशांपर्यंत टिकतं, व्हायटॉन जवळपास २०० पर्यंत. रबरीच घ्यायचं तर व्हायटॉन घ्या. फक्त तपकिरी रंगावर भुलू नका. रंग कुठल्याही रबरात घालता येतो. पाकिटावरचा पार्ट नंबर आणि मटेरियल वाचा.

टेफ्लॉनचं सील दिसतंच वेगळं. लिप रुंद आणि पातळ, बहुतेकांत स्प्रिंग नाही, आणि लिपचा आकार जपण्यासाठी आत प्लॅस्टिकची स्लीव्ह घातलेली. उष्णता आणि वेग ते उत्तम सोसतं, घर्षणही कमी.

खरा फरक बसवण्यात आहे, आणि मेकॅनिकची वर्षानुवर्षांची सवय इथेच नडते. रबरी सीलच्या लिपला बसवण्याआधी इंजिन ऑइल लावावंच लागतं, नाहीतर पहिल्या स्टार्टला कोरडी लिप घासून जळते. टेफ्लॉनला नेमकं उलटं: लिपही कोरडी, शाफ्टही कोरडा. फिरताना टेफ्लॉनचा अतिशय पातळ थर शाफ्टवर चढतो आणि त्यावरच पुढे लिप चालते. मध्ये तेल किंवा ग्रीस आलं की तो थर नीट धरत नाही. आतली स्लीव्ह आधीच काढून टाकू नये. ती शाफ्टच्या टोकाला टेकवून सील तिच्यावरून सरकवायचं, मग ती बाहेर घ्यायची. बसवल्यावर निदान चार तास इंजिन फिरवायचं नाही, लिपला शाफ्टवर आवळून बसायला तेवढा वेळ लागतो. संध्याकाळी गाडी हवीच असेल तर हा हिशेब सकाळीच मांडा.

दोन्हींत सील गोल ड्रिफ्टनं (सीलच्या मापाच्या ठोकायच्या नळीनं), चारी बाजूंनी सारखं ठोकत सरळ आत न्यायचं. एका बाजूला तिरकं गेलेलं सील पुढे हमखास पाझरतं. जुनं काढताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा क्रँकवर उठला तर टेफ्लॉन तो अजिबात सोसत नाही, रबर थोडाफार सोसतं. ओरखडा पॉलिश पेपरनं घासायचा तर पेपर गोल फिरवायचा, पुढेमागे सरकवायचा नाही. पुढेमागे घासलं की स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेघा उठतात आणि फिरणारा शाफ्ट त्यांतून तेल बाहेर ढकलतो.

शाफ्टवर जुन्या लिपनं खाच पाडली असेल, नख अडकत असेल, तर सील रबरी की टेफ्लॉन हा प्रश्न दुय्यम. हाउसिंगमध्ये जागा असेल आणि तेल परत जायचं भोक झाकलं जात नसेल, तर रबरी सील मिलिमीटरभर आतबाहेर बसवून नवी जागा देता येते. नाहीतर पातळ स्टेनलेसची रिपेअर स्लीव्ह चढवा. तिची जाडी सुमारे ०.२८ मिमी असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही.

मग घ्यायचं कुठलं? कंपनीनं मुळात जे दिलंय तेच. त्या इंजिनासाठी दोन्ही प्रकार अधिकृतपणे मिळत असतील, तर शाफ्ट गुळगुळीत आणि मेकॅनिक कोरडं बसवायला राजी असेल तेव्हाच टेफ्लॉन. एरवी व्हायटॉन जास्त सुरक्षित, कारण त्याच्या बाबतीत हाताची जुनी सवय बरोबरच ठरते. फोक्सवागन-स्कोडाच्या अनेक इंजिनांत मात्र हा पर्यायच नसतो. तिथे सील फ्लँजसकट (बोल्टनं बसणाऱ्या झाकणासकट) येतं, क्रँकची स्थिती सेन्सरला दाखवणारं चक्र त्यालाच जोडलेलं असतं, आणि ते खास हत्याराशिवाय बसवलं तर चक्राची जागा चुकून गाडी सुरूच होत नाही.

फ्लायव्हील उतरलंच आहे तर क्लचप्लेट बघा. तेल लागलेली प्लेट धुऊन पुन्हा बसवू नये, ती घसरतेच. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवे घ्या. काही इंजिनांत त्यांची भोकं थेट क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे आट्यांना थ्रेड सीलंट लावलं नाही तर नवं सील कोरडं असतानाही खाली थेंब दिसतो, आणि दोष मात्र सीलच्या नावावर जातो.